दोघांमधलं तोंड

'आजी, आजोबा असंच म्हणाले होते का? शब्दाला शब्द?'

नातीनं हे विचारलं तेव्हा मी तिच्या शाळेच्या शर्टाला बटण लावत होते. चष्मा नाकावर, दोरा दातात, म्हणजे उत्तर द्यायला तोंड मोकळं नव्हतं, आणि ते बरंच झालं. दुपारची वेळ. मुलगा आणि सूनबाई कामावर. घरात आम्ही तिघंच. मागच्या खोलीत मी, पुढच्या खोलीत खिडकीपाशी खुर्चीत भाऊजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, आणि आमच्या दोघांत वही घेऊन ये-जा करणारी ही बारा वर्षांची बया. हिला घरात सगळे वकीलबाई म्हणतात. एखादी गोष्ट हिला एकदा सांगून पटली असेल तर शपथ. तिनं वही माझ्या मांडीवर ठेवली आणि बोट टेकवलं. इंग्रजीच्या बाईंनी सांगितलं होतं, घरातल्या माणसांनी खरोखर बोललेली पाच वाक्यं लिहून आणा, आधी त्यांच्या तोंडची जशीच्या तशी, मग तीच 'अमका म्हणाला की' करून. पहिलं वाक्य भाऊजींनी दिलं होतं. वर पेन्सिलीनं आपल्या भाषेत, खाली शाईनं इंग्रजीत. माझा भाऊ मला म्हणाला, मग अवतरणाच्या त्या दोन खुणा, आणि खुणांच्या आत: झालं गेलं. मनात काही ठेवू नकोस.

मी दोरा तोडला. 'मग काय, खोटं सांगतील का ते?'

'तसं नाही गं. ह्या खुणांच्या आत फक्त तोंडातून निघालेलंच लिहायचं. बाई म्हणतात, आपला एक शब्द जरी आत घातला तरी ती फसवणूक. म्हणून मी धाकट्या आजोबांना विचारलं, नक्की असंच का? तर म्हणाले, मी तिथे नव्हतो, तुझी आजी होती, तिला विचार.'

मी तिथे नव्हतो. बावीस वर्षं हा माणूस ते वाक्य सांगत आला. शेजाऱ्यांना, जुन्या गिऱ्हाइकांना, इंजेक्शन द्यायला येणाऱ्या पोरीला. आमचा दादा जाताना म्हणाला, झालं गेलं, मनात काही ठेवू नकोस. 'मी तिथे नव्हतो' एवढी शेपटी मात्र त्यांनी त्याला कधी लावली नव्हती. मी नातीला म्हटलं, 'दुसरं वाक्य लिही आधी. माझं लिही. कानाशी भुणभुण करू नकोस. हे शब्दाला शब्द माझं आहे, घाल खुणांत.' तिनं खरंच लिहून घेतलं. मग जाता जाता दारातून म्हणाली, 'पण पहिलं राहिलंय हं. उद्या वही द्यायचीय.'

मी चार इयत्ता शिकले. पाचवीत बसले ती फक्त बाकावर. त्यामुळे पोरगी मोठ्यानं पाठ करते ते मी भांडी घासता घासता ऐकते, आणि बरंचसं वाफेसारखं निघून जातं. पण हे चार दिवस जे चाललंय ते कानात अडकलं. दुसऱ्याचं बोलणं आपण सांगायला लागलो की म्हणे 'मी'चा 'तो' होतो. 'आज'चा 'त्या दिवशी' होतो. 'इथे'चं 'तिथे' होतं. म्हणजे बोलणारा माणूस एकेक पाऊल मागं मागं जातो आणि शेवटी दाराबाहेर उभा राहतो. आपल्या भाषेत एवढा कीस नाही. 'मी येतो' म्हणाला, की संपलं. तो 'मी' कुणाचा, ते ऐकणाऱ्यानं ओळखावं. आणि मी तर 'म्हणाला'सुद्धा गाळायचे. सरळ त्यांच्या जागी उभी राहायचे. ह्यांचा 'मी' माझ्या तोंडात, भाऊजींचा 'मी' माझ्या तोंडात. दोन भाऊ, आणि दोघांना मिळून तोंड एकच, माझं.

अकरा वर्षं. हसायचं असेल त्यानं हसावं. आम्ही शिंप्याच्या घरातले. पुढच्या खोलीत दुकान, मागं संसार. हे कात्रीवर, भाऊजी मशीनवर. ह्यांच्या कात्रीला दूरदूरचे लोक नावाजायचे, आणि भाऊजींच्या हातचं काज उलटं कुठलं नि सुलटं कुठलं हे सांगायला भिंग लागायचं. दोघांच्या मध्ये अंतर केवढं, तर सहा पावलं. आणि त्या सहा पावलांत अकरा वर्षं एक शब्द इकडून तिकडे सरळ गेला नाही. हे म्हणणार, 'त्याला सांग, ही कॉलर आहे की कुत्र्याचा लोंबता कान?' भाऊजी सहा पावलांवर, कान शाबूत, मान मशीनवर. ढिम्म. मग मी म्हणणार, 'भाऊजी, कॉलर जरा दाबून बसवा म्हणतात.' की लगेच भाऊजी मान वर करणार, जणू आत्ताच कुणी हाक मारली. 'त्यांना सांगा, अस्तर तिरकं कापून दिलं तर कॉलर लोंबणारच. आंधळ्यानं कापल्यासारखं कापतात.' मी ह्यांच्याकडे वळणार. 'अहो, अस्तर थोडं तिरकं आलंय म्हणतात, एकदा बघता का?' आणि हे बघायचे! तोंडातून निघालेलं अस्सल दोघांच्याही कानावर पडलेलं असायचं, पण उत्तर मिळायचं ते माझ्या वाक्याला. एक शाळामास्तर कोट शिवायला यायचे, ते म्हणायचे, 'वहिनी, तुमच्या दुकानात कपडे कमी आणि टपाल जास्त.' गिऱ्हाइकं हसायची. मीही हसायचे. मला अभिमान होता, खोटं का बोलू. ह्या घराला भिंती चार होत्या आणि छप्पर माझ्या जिभेवर होतं.

फक्त मापाला मी हात लावला नाही. माप घेताना हे मोठ्यानं बोलायचे, छाती अडतीस, कंबर चौतीस, बाही साडेतेवीस, आणि मी वहीत आकडे मांडून तेच भाऊजींना पुन्हा म्हणायचे. तिथे सूतभरसुद्धा मागे-पुढे नाही. माप चुकलं की कापड गेलं, आणि कापड लोकांचं. त्यामुळे आमच्या घरात एक बोलच होऊन बसला होता, मापासारखं सांग. मुलगा शाळेतून भांडून आला की हे विचारायचे, कोण आधी काय म्हणालं, मापासारखं सांग. म्हणजे फुलं-पानं नकोत.

भांडण कशावरून झालं ते आता कुणी विचारत नाही. सासूबाई मागच्याच खोलीत होत्या, आज मी बसते त्याच भिंतीला लागून त्यांची खाट. महिनाभर अंथरुणाला खिळलेल्या. त्या दिवशी मी बाजारात गेले होते. हे दोन गल्ल्या पलीकडे एका म्हाताऱ्या वकिलांच्या घरी त्यांच्या अंगावर कोट चढवून बघायला गेले होते, त्यांना जिना उतरवत नसे म्हणून. घरात भाऊजी एकटे, संध्याकाळी द्यायच्या कोटाची बाही लावत बसलेले. सासूबाईंनी त्यांना हाक मारली आणि थोरल्याला बोलव म्हणाल्या. भाऊजी उठले ते बाही पूर्ण करून. जाऊन ह्यांना घेऊन येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी पिशवी घेऊन दारात शिरले तर दोघं भाऊ खाटेच्या दोन बाजूंना, आणि मशीनवर तो कोट, दोन्ही बाह्या लागलेला. हे म्हणाले, 'तिनं कधी सांगितलं तुला?' भाऊजी म्हणाले, 'आई म्हणाली, सवडीनं बोलव, घाई नाही.' ह्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मला आजही सांगता येत नाही. म्हणाले, 'आईनं जन्मात घाई नाही असा शब्द काढला नाही. ती पाणी मागायची तेही ओरडून.' खरंच होतं ते. सासूबाईंना कुठलीही गोष्ट कालच हवी असायची. त्यानंतर हे आपल्या भावाशी बोलले नाहीत. आणि भाऊजीही असे हट्टी, की एकदा सवडीनं म्हटलं ते सवडीनंच धरून बसले.

पहिल्या वर्षी मी फक्त शब्द गाळायचे. कुत्रा, आंधळा, मूर्ख, असले. मग लक्षात आलं की गाळून पुरत नाही, भोकं पडतात, तिथे काहीतरी भरावं लागतं. म्हणून 'जरा', 'थोडं', 'बघता का' अशी ठिगळं लावायला लागले. पुढं पुढं तर ठिगळालाच कापड म्हणायची वेळ आली. कुणी काही बोललेलंच नसायचं आणि मी निरोप पोचवायचे. हे बाहेर गेले की भाऊजींना म्हणायचे, 'काल ती काजं बघून हे म्हणत होते, असा हात दुसरा नाही.' भाऊजी नुसते सुई ओवायचे, पण त्या दिवशी मशीनचा आवाज वेगळा यायचा. तो मला ओळखू यायचा. भाऊजी वर गच्चीत गेले की ह्यांना म्हणायचे, 'विचारत होते, खोकला का जात नाही तुमचा. औषध आणू का म्हणाले.' हे नुसतं हुं करायचे. एका घरात राहून, एका टेबलावर जेवून त्या दोघांनी एकमेकांविषयी जे काही बरं ऐकलं ते सगळं माझ्या खिशातलं. मला वाटायचं, मी दोघांना एकमेकांसाठी शिवत्येय. कच्ची शिलाई का होईना, धरून तर आहे. कधी उसवून बघितलं नाही. उसवून बघणाऱ्यातली मी नव्हेच.

त्याचं हे असं झालं, की आता मला ह्यांचा आवाज आठवत नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. चेहरा आठवतो, कानामागे खोचलेला खडू आठवतो, टेप गळ्यात टाकून झोपायची खोड आठवते. पण काही म्हणाले असं आठवायला जावं तर माझंच वाक्य ऐकू येतं, माझ्या सुरात, जरा-थोडं लावलेलं. कॉलर कुत्र्याच्या कानासारखी म्हणाले होते हे मला माहीत आहे, पण ऐकू येतं ते 'दाबून बसवा'. दुपारी डोळा लागला की कधीतरी पुढच्या खोलीतून 'त्याला सांग' असं येतं. मी अर्धवट झोपेत म्हणते, 'हो, काय सांगू?' आणि पुढचं काही येत नाही. फक्त तेवढंच. त्याला सांग. उठून जावं तर टीव्ही चाललेला आणि खुर्चीत भाऊजी. आणि भाऊजींचीही एक तऱ्हा आहे. टीव्हीवर कुणी काही बोललं, सूनबाईनं जेवायला हाक मारली, की ते एक क्षण थांबतात आणि माझ्याकडे बघतात. मी पुन्हा म्हणायची वाट बघितल्यासारखे. सूनबाईला वाटतं, कमी ऐकू येतं. तिला काय सांगणार.

मागच्या महिन्यात त्यांना छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात ठेवलं होतं. आठ दिवसांनी घरी आणलं ते अर्धे होऊन. डॉक्टर मुलाला बाजूला घेऊन जे बोलायचं ते बोलले, आणि मुलानं मला जे सांगायचं ते सांगितलं. त्यातलं त्यानं काय गाळलं आणि काय भरलं हे मला न सांगता कळलं, शेवटी पोरगा माझाच. तिथे तापात भाऊजी सारखे विचारायचे, 'वहिनी, दादा काय म्हणाला?' मी म्हणायचे, 'सांगितलं ना तुम्हाला.' ते म्हणायचे, 'हो, सांगितलंत.' आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. मी तापाचं बोलणं म्हणून सोडून दिलं. पण ताप उतरला, घरी आले, आणि आता तेच वाक्य पोरीच्या वहीत लिहवून घेतायत. दोन खुणांच्या मध्ये. पक्कं करून.

वकीलबाई पुन्हा दारात. 'आजी, धाकटे आजोबा विचारतायत, आजीला विचारलंस का, काय म्हणाली.'

'म्हणावं, आजीचं बटण व्हायचंय.'

ती पुढं गेली. भिंतीपलीकडून तिचा आवाज आला, 'आजी म्हणतेय की तिचं बटण व्हायचंय.' खरं तेच, तेवढंच, एक ठिगळ न लावता. मला तिचा हेवा वाटला. बटण केव्हाच लागलं होतं.

तो दिवस. हे दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर, टोकाच्या खोलीत. सकाळचे दहा वाजलेले. फुफ्फुसं पाण्यानं भरत चाललेली, श्वास धापेनं, पण शुद्ध लख्ख. भाऊजी रोज यायचे आणि बाहेर बाकावर बसायचे. आत यायचे नाहीत. मी बाहेर येऊन सांगायचे, आत जाऊन सांगायचे, दुकानातलंच काम, जागा तेवढी वेगळी. त्या दिवशी मी बाहेर आले तर भाऊजी उभे होते. रात्रभर झोपले नसावेत. म्हणाले, 'वहिनी, दादाला सांगा. आई सवडीनं म्हणाली नव्हती. ती म्हणाली, थोरल्याला आत्ता बोलव. आत्ता म्हणाली. मला बाही संपवायची होती. वाटलं, रोजच बोलवते. मी खोटं बोललो. एवढं सांगा.' त्यांनी दाराकडे बघितलं. मग म्हणाले, 'का मीच येऊ आत?'

इथे मी थांबते दर वेळी. बावीस वर्षं मी दवाखाना, जिना, बाक, सगळं आठवते आणि इथे येऊन थांबते. कारण दारावर पाटी होती, एका वेळी एकच माणूस. आणि मी म्हटलं, 'एकालाच सोडतात भाऊजी. तुम्ही बसा. मी सांगते.' पाटी खरी होती. पण पाटी बघायला कुणी नव्हतं. नर्स खालच्या मजल्यावर गेली होती, मी स्वतः तिला जिना उतरताना पाहिलं होतं. आणि ती असती तरी, मला अडवणारी नर्स अजून जन्माला यायची होती, आदल्याच दिवशी मी मुलाला आणि सूनबाईला दोघांना आत नेलं होतं. मग मी तसं का म्हटलं? माझं मलाच किती वर्षं सांगितलं, की ह्यांना धक्का सोसणार नाही म्हणून. माझ्यासाठीही मी ठिगळच काढलं. खरं एवढंच, की ते आत गेले असते तर दोघं एकमेकांशी बोलले असते. सरळ. आणि मी मध्ये उभी राहून काय केलं असतं? अकरा वर्षं ज्या जागेवर मी राणीसारखी उभी होते, ती जागाच राहिली नसती. त्या क्षणी असा विचार केला, असं नाही. विचार करायला वेळ कुठे होता. जीभ आपली आपण पुढे गेली, तिला सवय होती.

आत जाऊन मी ह्यांना सांगितलं. आणि पहिल्यांदा काही गाळलं नाही, काही भरलं नाही. थोरल्याला आत्ता बोलव. बाही संपवायची होती. वाटलं, रोजच बोलवते. खोटं बोललो. माप सांगितल्यासारखं एकापुढे एक ठेवलं. हे छताकडे बघत होते. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि हसले. धापेतच हसले. म्हणाले, 'हे तुझं आहे.'

मी म्हटलं, 'अहो, नाही, त्यांनीच...'

म्हणाले, 'त्याला असं बोलता येत नाही. अकरा वर्षं तुझंच ऐकतोय मी. खोकल्याचं औषधसुद्धा तूच.' मग श्वास गोळा करून, 'छान शिवलंस हे मात्र. बाहीचं छान आहे.'

आणि मी काय करावं? दहा पावलांवर भाऊजी होते. दार उघडून हाक मारायची, की हे घ्या, विचारा त्यांनाच. पण मला राग आला. मरणाच्या दारात माणूस, आणि मला त्याचा राग आला. अकरा वर्षं ह्याला सगळं कळत होतं. मी पोचवलेला एकेक गोड शब्द हा हुं करून घेत होता आणि मनात म्हणत होता, हे तुझं आहे. माझी सगळी शिलाई ह्यानं उलटी करून बघितलेली होती आणि एका शब्दानं बोलला नव्हता. मी उशी नीट केली, पाण्याचं भांडं झाकलं, ज्याची काही गरज नव्हती ते सगळं केलं. दुपारी दीडच्या सुमाराला ते गेले. ते शेवटचं हुं नव्हतं, शेवटचं वाक्य होतं, आणि ते कौतुक होतं. बाहीचं छान आहे.

दीडच्या आधी, अकराला, मी बाहेर आले होते. भाऊजी बाकावरून उठले नाहीत. नुसतं बघितलं. मी म्हटलं, 'सांगितलं. म्हणाले, झालं गेलं. मनात काही ठेवू नकोस.' भाऊजी म्हणाले, 'वहिनी, मापासारखं?' मी म्हटलं, 'मापासारखं.' तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिथे ये-जा करणारी माणसं बघत होती, एवढा मोठा माणूस असा रडतोय. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले, आणि मला बरं वाटत होतं. हे सांगायला लाज वाटते, पण बरं वाटत होतं. वाटलं, आत फुकट गेलं ते बाहेर तरी कामाला आलं.

आता बटण लावलेला शर्ट घडी करून मी मांडीवर घेऊन बसले होते. 'हो, असंच' म्हणून टाक, असं मन म्हणत होतं. उद्या वही जाईल, बाई लाल शाईनं बरोबरची खूण करतील, म्हातारा सुखानं डोळे मिटेल, तुझं काय जातं? खरंच काय जात होतं? पण ती दोन खुणांची जागा माझ्या डोळ्यांपुढून हलेना. तिथे ह्यांच्या नावावर माझं वाक्य बसणार. पोरगी ते पाठ करणार, तिच्या पोरांना सांगणार, तुमचे पणजोबा असे म्हणाले. आणि हे जे खरंच म्हणाले, धापा टाकत, हसत, टोचून, ते ठेवायला जगात एक माझं डोकं, अडुसष्ट वर्षांचं. त्यांचं स्वतःचं असं मी काय शिल्लक ठेवलं होतं? कुत्र्याचा कान ठेवला नाही, आंधळा ठेवला नाही. ते कडू वाक्य तरी त्यांचं होतं. आणि भाऊजींचं खरं बोलणं, अकरा वर्षांतलं एकुलतं एक, ते तर पोचलंच नव्हतं. पोचलं असं समजून हा माणूस निघाला होता. निघाला होता, आणि तरी तापात विचारत होता.

मी पुढच्या खोलीत गेले. टीव्ही बंद केला. नातीला म्हटलं, 'जा, गच्चीतले कपडे काढ.' ती म्हणाली, 'अजून ओले असतील.' म्हटलं, 'मग वाळेपर्यंत तिथेच बस.' तिनं माझ्याकडे बघितलं, वाद घालणार होती, घातला नाही. वही टेबलावर ठेवून गेली.

भाऊजींच्या गुडघ्यांवर चादर होती. बोटं चादरीच्या कडेवरून चालत होती, टीप चाचपडत, जशी आयुष्यभर चालली. मी समोर स्टूल ओढून बसले.

'भाऊजी, हे तसं म्हणाले नव्हते.'

बोटं थांबली. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

'मग काय म्हणाला?'

'तुमचं सगळं मी सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. तर म्हणाले, हे तुझं आहे. त्याला असं बोलता येत नाही. अकरा वर्षं तुझंच ऐकतोय मी. म्हणाले, छान शिवलंस. बाहीचं छान आहे.' मी 'हसले' तेही सांगितलं. मान वळवली तेही सांगितलं.

भाऊजी माझ्या ओठांकडे बघत होते. मला वाटलं ओरडतील. ओरडावं असं वाटत होतं. पण ते अगदी हळू म्हणाले, 'म्हणजे त्याला कळलंच नाही.'

'नाही.'

'मी बाहेर होतो. बाकावर.'

'हो.'

'तुम्ही म्हणालात, एकालाच सोडतात.'

'पाटी होती,' मी म्हटलं. आणि मग म्हटलं, 'पण अडवायला कुणी नव्हतं. नर्स खाली गेली होती. मी तुम्हाला आत जाऊ दिलं नाही. मला मध्ये राहायचं होतं.'

हे बोलताना माझा आवाज मला परका वाटला. आयुष्यात इतकी बोलले, पण माझा स्वतःचा 'मी' तोंडात असा उघडा कधी आला नव्हता. भाऊजींनी डोळे मिटले. मिटलेल्या पापण्यांखाली डोळे हलत होते, आत काहीतरी शोधल्यासारखे. श्वास वर-खाली होत होता आणि मी त्यावर नजर ठेवून होते. मनात आलं, मी भाऊजींना मारलं. आधी वाक्य देऊन जगवलं आणि आता काढून घेऊन मारलं. खालची गाडी एकदाची सुरू होऊन निघून गेली.

मग त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडेच बघितलं, पण वहिनीकडे बघतात तसं नाही. जरा वर, कपाळाच्याही वर, उंच माणसाकडे बघावं तसं. हे माझ्यापेक्षा हातभर उंच होते.

'दादा,' भाऊजी म्हणाले. 'ते वहिनीचं नव्हतं. माझं होतं. आई आत्ता म्हणाली होती रे. मी गेलो नाही.'

आणि थांबले. हात चादरीवर तसेच, मान पुढे, डोळे माझ्यावर. उत्तराची वाट बघत. आणि उत्तर होतं. इतकी वर्षं न ऐकलेला ह्यांचा आवाज माझ्या घशात येऊन उभा होता, खोकल्यासकट, धापेसकट. दोनच शब्द लागत होते, कळलं रे. म्हणायला किती वेळ लागतो? मी कधीच एवढा वेळ लावला नव्हता. जीभ उचललीही गेली.

मी दात दातांवर ठेवले आणि बसून राहिले. भाऊजी बघत होते.